दगड कुणी उचलायचा?

मैत्रिणींनो, आम्हा डहाणू-तलासरीकडच्या बायकांना हायवे काही नवा नाही. महालक्ष्मीच्या यात्रेला जायचं तरी हायवे, चारोटीला गाडी पकडायची तरी हायवे. पण त्या रस्त्यावर काही धोका दिसला तर कळवायचं कसं, हे पन्नाशी उलटली तरी मला ठाऊक नव्हतं!

तलासरीहून भाचीचं डोहाळजेवण आटोपून आम्ही निघालो होतो. तिन्हीसांजेची वेळ. धुंदलवाडीच्या अलीकडे डाव्या लेनमध्येच दोन मोठाले दगड. ट्रक बंद पडला की चाकाला दगड लावतात आणि दुरुस्ती झाली की ते तिथेच टाकून पसार होतात! ह्यांनी कशीबशी गाडी वाचवली. मी म्हटलं, "अहो, थांबा, पोलिसांना कळवू या." तर म्हणे, "करेल की कुणीतरी फोन." मागे वळून बघते तर एक मोटारसायकल, मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर पोर. दगडाला चाटून अशी झोकांडली... पडली नाही इतकंच. मग हेच म्हणाले, "लाव फोन."

मी 112 लावला. हा फोन आपल्या गावच्या ठाण्यात वाजत नाही बरं का. तो जातो नवी मुंबई नाहीतर नागपूरच्या केंद्रात, आणि तिथून जवळच्या पोलीस गाडीला निरोप येतो. त्यामुळे "इथेच, धुंदलवाडीजवळ" म्हणून भागत नाही. पलीकडच्या मुलीने शांतपणे विचारलं, "ताई, मुंबईकडे जाणारी बाजू की गुजरातकडे? किलोमीटरचा दगड दिसतोय का?" आली का पंचाईत! उभ्या जन्मात मी तो आकडा वाचला नव्हता. शेवटी कठड्याच्या बाहेरून चालत जाऊन, मोबाईलच्या उजेडात ह्यांनी तो शोधला.

पोलीस आले पंचवीस मिनिटांनी. तो वेळ फार वाटला, खोटं कशाला बोलू? एकाने टॉर्च दाखवून वाहनं वळवली, दुसऱ्याने दगड उचलून पार खाली टाकले. काम पाच मिनिटांचं!

सूर्या नदीचा पूल आठवला. 4 सप्टेंबर 2022 ला सायरस मिस्त्री तिथेच गेले, तेव्हा हा रस्ता देशभर गाजला. मोटारसायकलवरच्या त्या बाईची बातमी कुठे आली असती?

ह्यांना धास्ती कोर्टाच्या खेपांची. पण 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर, अपघातात जखमीला मदत करणाऱ्यावरही नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. आम्ही तर नुसते दगड कळवले होते! राष्ट्रीय महामार्गाचा 1033 हाही नंबर आहे, आणि कुणी जखमी असेल तर 108 ची ॲम्ब्युलन्स. तिन्ही नंबर मी फ्रिजवर चिकटवलेत.

मागच्या आठवड्यात लेकीकडे जाताना मी किलोमीटरचे आकडे मोठ्याने वाचत होते. नात विचारते, "आजी, पाढे म्हणतेस का गं?"