पाड्यापर्यंतचा रस्ता

पक्षाघाती मनुष्याला चौघांनी प्रभू येशूपाशी वाहून नेले, हे आपण मार्कच्या शुभवर्तमानात वाचतो. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर घरीच अकाली जन्मलेली जुळी बालके दगावली. रस्ता नसल्याने त्यांच्या आईलाही झोळीतून रस्त्यापर्यंत न्यावे लागले. असे का घडते?

पहिली अडचण लोकसंख्येची. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत आदिवासी व डोंगराळ भागासाठी किमान २५० लोकवस्तीची अट होती. विखुरलेले लहान पाडे तीत बसत नाहीत. २०२३ च्या पीएम-जनमन योजनेने ही मर्यादा १०० वर आणली, परंतु ती कातकरी, कोलाम व माडिया गोंड या आदिम जमातींपुरतीच. वारली, कोकणा बांधव तिच्याबाहेर आहेत.

दुसरी अडचण वनजमिनीची. मात्र २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभेने शिफारस केल्यास रस्त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडता येत नाहीत.

ही तरतूद पाड्यांवर समजावून सांगणे व ठराव लिहिण्यास साहाय्य करणे आपल्या धर्मग्रामांतील सुशिक्षितांना सहज शक्य आहे. झोळी उचलणारे खांदे तेथे आहेतच. वाट मोकळी करण्यास आपणही हात लावू या.