ठगांचे चित्रण, पाश्चात्त्य चित्रपटांतील

वाटसरूंचा विश्वास संपादून त्यांना गळफासाने मारणाऱ्या व लुटणाऱ्या टोळ्यांना ठग म्हणत. त्यांच्या आधारे पाश्चात्त्य चित्रपटांनी भारतीयांची एक विपर्यस्त प्रतिमा रूढ केली. तिचे मूळ जुन्या नागपूर राज्याच्या उत्तर सीमेवर सापडते. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला आणि जबलपूर इंग्रजांकडे गेले. तेथूनच विल्यम स्लीमन याने पुढे ठगांविरुद्ध मोहीम चालविली. त्याचा पुरावा मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांचा होता. १८३६ च्या कायद्यान्वये तर ठगांच्या टोळीत असणे एवढ्यावरच जन्मठेप होऊ लागली. खून व लूटमार खरी होती. मात्र सर्व ठग एकाच देशव्यापी गुप्त पंथाचे होते की काय, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

ठगांत हिंदू व मुसलमान दोन्ही होते, हे स्लीमननेच नोंदविले आहे. पुढे नळदुर्गचा कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलर याच्या १८३९ मधील कादंबरीचा नायक अमीर अली हाही मुसलमानच. चित्रपटांनी ही गुंतागुंत बहुधा टाळली व कालीची उपासना तेवढी उचलली. ‘गंगा दीन’ (१९३९) या अमेरिकन चित्रपटात ठग थेट वायव्य सरहद्दीवर अवतरतात. ती सरहद्द उभारली होती कॅलिफोर्नियात, आणि ठगांच्या गुरूची भूमिका इटलीत जन्मलेल्या नटाने केली. या गुरूला इंग्रजी राज्य उलथवायचे असते. स्वातंत्र्यलढा ऐन भरात असताना राज्यविरोधक म्हणजे नरबळी देणारे माथेफिरू, असे समीकरण त्यातून मांडले गेले. काही समीक्षकांना गुरूच्या वेशात गांधीजींचे विडंबन दिसले. आदल्याच वर्षी ‘द ड्रम’ विरुद्ध मुंबईत निदर्शने झाली होती. बाबूराव पटेल यांच्या ‘फिल्मइंडिया’ मासिकाने अशा चित्रपटांवर कठोर टीका केली. ‘गंगा दीन’वर मुंबई व बंगाल प्रांतांत बंदी आली.

स्वातंत्र्यानंतरही साचा टिकला. ‘द स्ट्रँग्लर्स ऑफ बॉम्बे’ (१९५९) हा ब्रिटिश चित्रपट मुंबईचे नाव मिरवितो. ठगांच्या कुप्रसिद्ध वाटा मात्र मध्य भारतातल्या. ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ (१९८४) च्या संहितेत भारत सरकारने बदल सुचविले; निर्मात्यांनी चित्रीकरण श्रीलंकेत नेले. त्यात अमरीश पुरी यांचा मोलाराम जिवंत माणसाचे काळीज उपटतो, तर राजवाड्यातील मेजवानीत माकडाचा मेंदू वाढला जातो. ठगीशी या मेजवानीचा काय संबंध, हे दिग्दर्शकच जाणे! ‘द डिसीव्हर्स’ (१९८८) चे चित्रीकरण भारतात झाले. नायक मात्र तेथेही ठगाचा वेश घेतलेला इंग्रज अधिकारीच आहे.