सुपर बोल, कार्टूनच्या वेषात

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना म्हणजे सुपर बोल. ११ फेब्रुवारी २०२४ रोजी लास वेगासच्या अलिजियंट स्टेडियमवर अठ्ठावन्नावा सुपर बोल झाला आणि कॅन्सस सिटी चीफ्सनी सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सना जादा वेळेत २५-२२ असे हरवले. तो सामना सीबीएस या वाहिनीवर नेहमीसारखा दिसत होता, तर निकलोडियन या मुलांच्या वाहिनीवर कार्टूनच्या वेषात. तिथे समालोचकांच्या शेजारी स्पंजबॉब आणि पॅट्रिक ही कार्टूनपात्रे बसली होती, मैदानाच्या कडेला सँडी ही खार वार्ताहराचे काम करत होती, आणि पंचांनी दंड पुकारला की तो कशासाठी, हे डोरा व तिचे माकड बूट्स समजावून सांगत.

समजावून सांगण्याची गरज या खेळात खरोखरच असते. चेंडू हाती असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे सुमारे नऊ मीटर, पुढे सरकायचे असते. ते जमले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमले तर चेंडू समोरच्यांकडे जातो. प्रत्येक प्रयत्न काही सेकंदांत आटोपतो आणि मग खेळ थांबतो. नवख्याला हे थांबणे कंटाळवाणे वाटते, पण कार्टूनकाराला त्यातच जागा मिळते. शिवाय खेळाडूंचे चेहरे हेल्मेटच्या जाळीआड असल्याने चेहरा बदलला तरी फारसे बिघडत नाही.

या खेळाची ही सोय डिस्नेच्या चित्रकारांनी फार आधी हेरली होती. जॅक किनी यांच्या दिग्दर्शनाखाली १९४४मध्ये आलेल्या ‘हाऊ टू प्ले फुटबॉल’ या लघुपटात मैदानावर सगळीकडे गूफी या कार्टूनपात्राचीच रूपे आहेत. निवेदक गंभीर आवाजात नियम सांगतो आणि पडद्यावर नेमका त्याच्या उलट गोंधळ चालतो. या लघुपटाला ऑस्करचे नामांकनही मिळाले. अर्थात ते सारे सवडीने, हाताने काढलेले काम होते. सामना चालू असतानाच त्यावर चित्र काढायचे, तर वेगळे तंत्र लागते.

त्या तंत्राची सुरुवात एका पिवळ्या रेघेने झाली. दहा यार्ड कुठे पूर्ण होतात हे दाखवणारी ही रेघ १९९८पासून दूरचित्रवाणीवर दिसू लागली. मैदानावर ती नसतेच. कॅमेरा किती वळला, किती झुकला, दृश्य किती जवळ ओढले, याची नोंद त्याला जोडलेली यंत्रे ठेवतात. संगणकाकडे मैदानाचा त्रिमितीय नकाशा असतो आणि त्यावरून दर चित्रचौकटीत रेघ कुठे पडेल याचा हिशेब होतो. खरी गंमत पुढे आहे. कोणत्या रंगांवर रेघ उमटवायची आणि कोणत्या रंगांवर नाही, हे संगणकाला आधीच सांगून ठेवलेले असते. गवताच्या हिरव्या छटा पहिल्या यादीत, जर्सी आणि त्वचेचे रंग दुसऱ्या यादीत. म्हणून रेघ खेळाडूंच्या पायाखालून गेल्यासारखी भासते. चिखल झाला किंवा बर्फ पडला की मात्र माणसाला बसून या याद्या दुरुस्त कराव्या लागतात. टचडाउन झाल्यावर, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचल्यावर, निकलोडियनच्या पडद्यावर उसळणारा स्लाइम, तो चिकट हिरवा राडा, याच कुळातला. ही झाली पहिली पद्धत: इथे मागचा कॅमेरा खरा, खेळाडू खरे आणि वरचा मुलामा तेवढा कार्टूनचा.

दुसऱ्या पद्धतीत कॅमेऱ्याचे चित्र अजिबात वापरत नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर जॅक्सनविल जॅग्वार्स आणि अटलांटा फाल्कन्स यांच्यात लीगचा एक साधा सामना झाला. ईएसपीएन आणि डिस्नेने तो ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या अँडी या मुलाच्या खोलीत खेळला जात असल्यासारखा दाखवला. एनएफएलच्या प्रत्येक खेळाडूच्या खांद्यांवरच्या पॅडमध्ये रेडिओ चिप असतात, चेंडूतही एक असते. खेळाडूची जागा सेकंदाला दहा वेळा नोंदली जाते आणि त्या आकड्यांवरून पडद्यावरचे बाहुले धावते. दहा यार्ड मोजायच्या साखळीच्या जागी स्लिंकी हा स्प्रिंगच्या पोटाचा कुत्रा आणला होता. इतकी चपखल निवड क्वचितच जमते.

पण खांदा कुठे आहे हे कळले, म्हणून हात काय करतो आहे हे कळत नाही. फुटबॉलमधली निम्मी लबाडी हातांत असते: चेंडू सोबत्याला दिल्याचा बहाणा करायचा, प्रतिस्पर्ध्यांना त्याच्यामागे पळवायचे आणि चेंडू स्वतःकडेच ठेवायचा. बाहुल्यांच्या खेळात हा बहाणा जवळजवळ विरघळून गेला. डिसेंबर २०२४मध्ये डॅलस काउबॉइज आणि सिनसिनाटी बेंगल्स यांचा सामना ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावात नेला, तेव्हा चिपच्या जोडीला हॉक-आयचे कॅमेरे घेतले. पायचीतच्या निर्णयामुळे क्रिकेटरसिकांच्या ओळखीचे झालेले हेच ते हॉक-आय. या कॅमेऱ्यांनी खेळाडूंचे कोपर, गुडघे, मनगटे टिपली आणि हालचालींत जिवंतपणा आला. तरीही पाचसहा जण एकमेकांवर कोसळले, की ढिगातला कोणता हात कोणाचा, हे कॅमेऱ्यालाही नीट दिसत नाही. तिथे संगणक अंदाज बांधतो. या सगळ्या आकडेमोडीला वेळ लागतो, त्यामुळे असे प्रक्षेपण खऱ्या सामन्याच्या किंचित मागे चालते.

लास वेगासच्या त्या सुपर बोलमध्ये चीफ्सच्या पॅट्रिक महोम्सने जादा वेळेची तीन सेकंद उरली असताना तीन यार्डांचा पास सहकारी मिकोल हार्डमनकडे टाकला आणि सामना संपवला. तो पास निकलोडियनच्या प्रेक्षकांनीही हाडामांसाच्या माणसांचाच पाहिला. संपूर्ण चितारलेला खेळ तोवर लीगच्या साध्या सामन्यापुरताच होता.