घाशीराम कोतवाल : माणसांच्या भिंतीने तोललेले नाटक

पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात १६ डिसेंबर १९७२ रोजी पडदा उघडला, तेव्हा रंगमंचावर ना वाड्याचा देखावा होता, ना शनिवारवाड्याचा दरवाजा. होती ती केवळ गात, डोलत उभी असलेली ब्राह्मणांची एक रांग. याच रांगेने पुढे मराठी रंगभूमीच्या इतिहासात स्वतःचे स्थान निर्माण केले. विजय तेंडुलकर लिखित आणि डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाभोवती उठलेल्या वादळाची चर्चा आजवर पुष्कळ झाली. ते वादळ पचवून नाटक टिकले कसे, याचे उत्तर मात्र त्याच्या संगीतात आणि या रांगेत शोधावे लागते.

इतिहासातला कोतवाल

घाशीराम ही कल्पित व्यक्ती नव्हे. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, नाना फडणवीसांच्या कारकिर्दीत, उत्तरेकडून आलेला हा ब्राह्मण पुण्याचा कोतवाल होता. १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत डांबलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मरण पावले आणि संतप्त जमावाने कोतवालाला दगडांनी ठेचून मारले. मोरोबा कान्होबा यांनी १८६३ मध्येच या विषयावर पुस्तक लिहिले होते.

तेंडुलकरांनी या घटनेचा केवळ सांगाडा घेतला. त्यांच्या नाटकातील घाशीराम पुण्यात अपमानित होतो, चोरीच्या खोट्या आळामुळे मार खातो आणि सूडाची प्रतिज्ञा करतो. कोतवालीच्या बदल्यात तो आपली मुलगी गौरी नानांच्या हवाली करतो. सत्ता हाती येताच तो शहराला छळू लागतो. अखेरीस त्याचा उपयोग संपतो, तेव्हा त्याला जमावाच्या स्वाधीन करण्याच्या हुकमावर सही होते ती नानांचीच. तेंडुलकरांनी आपले नाटक अनैतिहासिक असल्याचे आरंभीच स्पष्ट केले होते. सत्ताधारी आपल्या सोयीसाठी घाशीराम कसे घडवतात आणि कसे संपवतात, हा त्यांचा विषय होता.

भिंत गाऊ लागते

हा आशय गद्य नाटकातून मांडला असता, तर ते कदाचित एक राजकीय नाटक ठरले असते. तेंडुलकरांनी कोकणातील खेळे, दशावतार, कीर्तन आणि तमाशा या लोकपरंपरांकडे पाहिले. रंगमंचावरची रांग कधी पडदा होते, कधी भिंत, कधी पुण्याचा रस्ता, तर कधी खवळलेला जमाव. ती प्रेक्षकांकडे पाठ फिरवते, तेव्हा तिच्या आड नानांचे रंगेल खेळ चालतात. पाहूनही न पाहिल्यासारखे करणारा समाज दाखवण्यासाठी वेगळ्या संवादाची गरजच उरत नाही.

भास्कर चंदावरकर यांच्या संगीताने या कल्पनेत प्राण फुंकला. भक्तिगीताला लागूनच लावणी येते, नामघोष चालू असतानाच अत्याचार घडतो. सूर मंगल आणि दृश्य अमंगल, या विरोधातून प्रेक्षक अस्वस्थ होतो. चाल कानाला गोड लागते आणि त्या गोडीचीच त्याला लाज वाटू लागते. कृष्णदेव मुळगुंद यांच्या नृत्यरचनेने रांगेला लय दिली. डॉ. मोहन आगाशे यांचा नाना, रमेश टिळेकर यांचा घाशीराम आणि रवींद्र साठे, चंद्रकांत काळे यांच्यासारखे गाते कलावंत, असा हा संच जमला होता. त्यातील बहुतेक जण नोकरी, व्यवसाय सांभाळून नाटक करणारे हौशी रंगकर्मी होते.

संस्था सोडली, नाटक नाही

नाटकाची निर्मिती पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनची होती. ब्राह्मण समाजाची आणि नाना फडणवीसांची बदनामी होत असल्याचा आक्षेप घेतला गेला आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. कलावंतांपुढे दोनच मार्ग होते : मातृसंस्था किंवा नाटक. त्यांनी नाटक निवडले. मार्च १९७३ मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन झाली आणि जानेवारी १९७४ मध्ये ‘घाशीराम’ पुन्हा रंगमंचावर आले.

नाटकाच्या आधारे १९७६ मध्ये चित्रपटही निघाला. त्यात ओम पुरी यांनी घाशीराम साकारला. १९८० मध्ये नाटकाला युरोपचे निमंत्रण आले, तेव्हा मराठी इतिहासाची परदेशात नालस्ती नको, असे म्हणत विरोधकांनी पुन्हा उचल खाल्ली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर प्रयोगापूर्वी ऐतिहासिक नानांविषयी खुलासा करण्याचे ठरून संच रवाना झाला. मराठीचा गंधही नसलेल्या पश्चिम बर्लिनच्या प्रेक्षकांपुढे हे नाटक उभे राहिले ते गायन, हालचाल आणि त्या रांगेच्या बळावर. १९८६ मध्ये अमेरिकेतही प्रयोग झाले.

वादाच्या दोन्ही बाजू आपापल्या परीने इतिहासाविषयी बोलत राहिल्या. ऐतिहासिक नाना हे मुत्सद्दी होते, याबाबत दुमत नाही. आपल्या राज्यकर्त्याची अशी प्रतिमा पाहून अनेकांना वेदना झाली, हेही खरे. परंतु नाटकाचा रोख एका नानांवर नव्हता. घाशीराम मारला जातो, नाना सुरक्षित राहतात आणि रांग पुन्हा गाऊ, नाचू लागते, हा त्याचा शेवट आहे. तेंडुलकर २००८ मध्ये आणि चंदावरकर २००९ मध्ये निवर्तले. प्रेक्षकांच्या पिढ्या बदलल्या. पण ती रांग पाठ फिरवते तेव्हा आपण कुठे उभे असतो, हा प्रश्न जुना झालेला नाही.