कल्याणचा खजिना आणि सिरानोचे लखोटे

कल्याण-भिवंडी शिवाजीमहाराजांच्या अमलाखाली आली ती १६५७ साली. त्याच्या दोनच वर्षे आधी पॅरिसजवळ सिरानो द बर्जराक नावाचा एक शिपाईगडी, ज्याने पुढे तलवार टाकून लेखणी हाती घेतली होती, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी निवर्तला. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. परंतु दोहोंभोवती पुढे ज्या कथा गुंफल्या गेल्या, त्या विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, जवळजवळ एकाच सुमारास, मूकपटाच्या पडद्यावर आल्या. आणि ओठांपर्यंत येऊन परतलेल्या शब्दाचे पडद्यावर काय होते, हे समजून घ्यायचे तर त्या शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

सिरानोची कथा रचली एदमों रोस्तां या फ्रेंच कवीने, १८९७ च्या आपल्या पद्यनाटकात. खरा सिरानो १६४० च्या आरासच्या मोहिमेत जखमी झाला होता; तेवढा धागा घेऊन रोस्तांने त्याला एक अवाढव्य नाक दिले आणि त्या नाकापायी जन्मभराचा संकोच दिला. पट्टा फिरवता फिरवता कवित्व करणारा, शेवटच्या ओळीबरोबर प्रतिस्पर्ध्याला लोळवणारा हा वीर, नात्यातल्याच रोक्सानवर जीव जडलेला असूनही तिच्यापुढे तो विषय काढू धजत नाही. तिचे मन क्रिस्तियां नावाच्या देखण्या परंतु बोलण्यात कच्च्या तरुणाकडे ओढलेले आहे असे कळताच तो त्या तरुणाचा जणू चिटणीस होतो, रात्रीच्या काळोखात सज्जाखाली उभा राहून त्याच्या नावाने बोलतो, आणि आरासच्या वेढ्यातून शत्रूची फळी रोज ओलांडून त्याच्या सहीचे लखोटे तिला रवाना करतो. क्रिस्तियां रणात पडतो. मृताचा मान राखावा म्हणून सिरानो पुढची पंधरा वर्षे गप्प राहतो. अखेरीस मठाच्या आवारात, संधिप्रकाशात, तो तिच्याजवळचे जुने पत्र मागून मोठ्याने वाचू लागतो, आणि अक्षर दिसेनासे झाल्यावरही वाचन थांबत नाही, तेव्हा कुठे तिला उमगते की पत्र कोणाचे आणि सज्जाखालचा आवाज कोणाचा.

या नाटकावर निघालेल्या चित्रपटांपैकी मायकेल गॉर्डन यांचा १९५० चा कृष्णधवल चित्रपट मला विशेष प्रिय आहे. त्याच्या नेपथ्यात काटकसर उघड दिसते. परंतु होजे फेरर यांचा कंठ, ज्याच्या बळावर त्यांना ऑस्कर मिळाले, ती सारी उणीव भरून काढतो. सज्जाच्या प्रसंगात प्रेक्षकाला सिरानो दिसतो, रोक्सानला तो फक्त ऐकू येतो. सारे रहस्य या एका तफावतीवर उभे आहे. म्हणूनच आउगुस्तो जेनिना या इटालियन दिग्दर्शकाने १९२० नंतर लवकरच याच नाटकाचा मूकपट केला आणि त्याची चित्रे साच्यांच्या साहाय्याने रंगवून घेतली, तेव्हा त्याने रंग मिळवला पण नाटकाचा प्राण असलेला आवाज त्याच्या हाती नव्हता. जे प्रेम केवळ आवाजावरून ओळखायचे, ते मूकपटात पाटीवरच्या अक्षरांनी सांगावे लागते.

कल्याणच्या कथेला ही अडचण आली नसावी. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी, 'सिंहगड'च्या पाठोपाठ, १९२४ साली 'कल्याण खजिना' हा मूकपट काढला. कथा ठाण्या-कल्याणातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते: खजिन्याबरोबर सुभेदाराची रूपवती सून दरबारात हजर केली जाते, आणि महाराज तिला मातेच्या ठायी मानून, सन्मानपूर्वक, तिच्या माणसांकडे परत पाठवतात. समकालीन कागदपत्रांत या प्रसंगाला आधार सापडत नाही, हे अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिले आहे. तरीही लोकमानसात त्याचे स्थान अढळ राहिले. मूकपटाला तर असा प्रसंग पर्वणीच. रंगभूमीचे पडदे रंगवलेल्या पेंटरांसारख्या चित्रकाराला एक झुकलेली मान, एक साडीचोळीचे तबक एवढे पुरे. वाक्याची गरजच काय?

परंतु इथेच मला थोडे थांबावेसे वाटते. या कथेत बोलण्याचा अधिकार दरबाराचा आहे. सून आणली जाते, गौरवली जाते, पाठवली जाते, आणि तिच्या मुखातून एक अक्षर निघत नाही. रोक्सान निदान चुकते, हट्ट करते, रथात बसून थेट छावणीत येऊन धडकते. आपल्या ऐतिहासिक चित्रपटांनी पुढे हीच रीत पुष्कळ काळ चालवली. स्वामिनिष्ठेला त्यांत जी प्रशस्त जागा मिळाली ती प्रीतीला क्वचित मिळाली; भालजी पेंढारकरांचा १९४१ चा 'थोरातांची कमळा' हा त्यातला ठळक अपवाद.

संगीत रंगभूमी या बाबतीत अधिक उदार होती. खाडिलकरांच्या १९११ च्या 'मानापमान'मध्ये धैर्यधर सेनापती असूनही दारिद्र्यामुळे नाकारला जातो, आणि वनमालेचा वेष घेऊन त्याची पारख करायला निघते ती भामिनी; म्हणजे सिरानो जे काळोखाच्या आड करतो ते आपल्याकडे नायिका दिवसाढवळ्या करते. त्यातही भामिनी झाले होते बालगंधर्व, तेव्हा वेषांतराच्या आत आणखी एक वेषांतर! सुबोध भावे यांनी २०२५ साली हीच कथा पडद्यावर आणली.

दुर्गाडीच्या बुरुजाखालच्या खाडीत, जिथे मराठ्यांच्या आरमाराची पहिली गलबते बांधली गेली, तिथे कोणी कल्याण-डोंबिवलीकर दिग्दर्शक कल्याणची ती कथा पुन्हा उभी करू म्हणेल, तर त्याने दरबाराचा प्रसंग आहे तसाच ठेवावा. फक्त तिथून निघालेल्या पालखीबरोबर दोन मजल पुढे जावे, सुनेला एक नाव द्यावे आणि मुक्कामाच्या तंबूत, सोबतच्या दासीजवळ का होईना, तिला बोलू द्यावे. मूळ कथेला त्याने कोठेही बाध येत नाही.