नव्या लिनक्सचा आवाज कोठे गेला?

संगणकावर गाणे लावले की ते लगेच ऐकू येते. परंतु तेवढ्यात आत किती धावपळ होते, याचा हिशेब मांडून पाहा. चांगल्या प्रतीच्या ध्वनीत लहरीची उंची सेकंदाला ४८,००० वेळा मोजलेली असते. प्रत्येक मोजमापाला २ बाइट लागतात, आणि डावा व उजवा असे दोन कर्णे असतात. म्हणजे दर सेकंदाला १,९२,००० बाइट ध्वनीच्या चिपपाशी वेळेवर पोचलेच पाहिजेत. उशीर झाला की आवाज तुटतो. ही ने-आण सांभाळणाऱ्या आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात.

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नेलचा भाग असतात. (हा सैन्यातला कर्नल नव्हे! कर्नेल म्हणजे दाण्यातला गर, गाभा.) हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली हा गाभा लिहून सर्वांना खुला केला. त्यामुळे 'सी' भाषेतील त्याचा मूळ मजकूर कोणीही घ्यावा, नको ते भाग गाळावेत आणि उरलेल्याचे यंत्रभाषेत रूपांतर करून, म्हणजेच तो कंपाइल करून, आपल्या यंत्रापुरता गाभा तयार करावा. ध्वनीसाठी त्यात 'आल्सा' ही यंत्रणा आहे. यारोस्लाव्ह किसेला यांनी तिचे काम १९९८ साली सुरू केले आणि डिसेंबर २००३ मधील २.६ या आवृत्तीपासून ती गाभ्याचा नेहमीचा भाग झाली.

आता समजा, तुम्ही असा गाभा बनविला. संगणक सुरू झाला, पडदा उजळला, इंटरनेटही जोडले गेले, पण आवाज मात्र नाही! (जुना गाभा पुसलेला नसला तर घाबरण्याचे कारण नाही. सुरुवातीच्या यादीतून तो निवडता येतो.)

बहुतेक वेळा चूक कंपाइल करण्याच्या आधीच झालेली असते. 'मेक मेन्यूकॉन्फिग' ही आज्ञा दिली की शेकडो प्रश्नांची यादी उघडते. पुष्कळशा प्रश्नांना तीन उत्तरे असतात: वाय म्हणजे हा भाग गाभ्यातच मिसळा, एन म्हणजे गाळा, आणि एम म्हणजे मॉड्यूल करा. मॉड्यूल हा लागेल तेव्हा जोडता येणारा सुटा भाग होय. 'साउंड' या वरच्या प्रश्नालाच एन म्हटले, तर खालचे ध्वनीचे प्रश्न दिसतच नाहीत, आणि ड्रायव्हर का सापडत नाही म्हणून माणूस शोधत बसतो. वर एम म्हटले, तर खालच्यांना वाय म्हणता येत नाही. कारण पायाच सुटा असेल तर भिंत पक्की कशी होणार?

आणखी एक फसवी जागा आहे. आजच्या बहुतेक संगणकांत ध्वनीचे काम दोन चिप वाटून घेतात. एक कंट्रोलर, तो आकड्यांची वाहतूक करतो. दुसरा कोडेक, तो आकड्यांचे विद्युत-लहरींत रूपांतर करतो. पुष्कळदा कंट्रोलर इंटेल कंपनीचा तर कोडेक रिअलटेकचा असतो. विद्यार्थी इंटेलचा ड्रायव्हर निवडतो आणि कोडेकचा विसरतो. मग टपाल गावात पोचते, पण ते वाचणारे कोणी नसते.

प्रश्न बरोबर सोडविले, तरी कंपाइल करताना चुकांचा पाऊस पडू शकतो. अशा वेळी शेवटची ओळ पाहून उपयोग नाही. पहिली चूक शोधा. खालच्या पन्नास बहुधा तिचीच पिले असतात. बाहेरून आणलेला जुना ड्रायव्हर नव्या गाभ्यासाठी बनविताना हे हमखास घडते, कारण गाभ्याचे आतले नियम आवृत्तीगणिक बदलतात. उदाहरणार्थ, जानेवारी २०१८ मधील ४.१५ या आवृत्तीत 'सेटअप टायमर' हे फंक्शन काढून टाकण्यात आले आणि 'टायमर सेटअप' तेवढे उरले! शब्दांची अदलाबदल पाहून हसू येते, पण दोघांना द्यावयाची माहिती वेगळी आहे. नुसते नाव बदलून भागत नाही.

सर्वांत शिकण्यासारखा अडथळा मात्र पुढे येतो. मॉड्यूल बिनतक्रार तयार होते, पण जोडायला गेले की गाभा 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' म्हणून ते नाकारतो. प्रत्येक मॉड्यूलवर एक शिक्का असतो. ते कोणत्या आवृत्तीसाठी आणि कोणत्या मुख्य निवडी धरून बनविले, हे त्यावर नोंदलेले असते. तो शिक्का जुळला नाही तर प्रवेश नाही. एवढा कडकपणा कशासाठी? गाभ्यातील माहिती खणांच्या कपाटासारखी ठेवलेली असते. एखादी निवड बदलली की मध्येच एक खण वाढतो आणि पुढचे सर्व खण सरकतात. जुन्या नकाशावर बनलेले मॉड्यूल पाचव्या खणात ठेवायची वस्तू भलत्याच खणात ठेवील, आणि मग सबंध यंत्रच कोलमडेल. सक्तीने जोडण्याची युक्ती सांगणारे भेटतात; तिच्या वाटेला जाऊ नये. 'युनेम' आज्ञेला आर हे अक्षर जोडून चालू गाभ्याची आवृत्ती पाहावी आणि मॉड्यूल त्याच गाभ्याच्या मजकुरावरून पुन्हा बनवावे.

कोणता दुवा तुटला हे गाभा स्वतःच लिहून ठेवतो. 'डी-मेसेज' आज्ञेने ती नोंदवही उघडते. 'अननोन सिंबॉल' असे दिसले, तर या मॉड्यूलला ज्याचा आधार हवा ते दुसरे मॉड्यूल जोडलेले नाही. 'फर्मवेअर' सापडत नाही असे दिसले, तर चिपच्या आत भरावयाची फाइल तिच्या ठरलेल्या जागी नाही.

नोंदवहीत काहीच तक्रार नसेल, 'एप्ले' आज्ञेच्या यादीत ध्वनीचे कार्डही दिसत असेल, आणि तरी शांतता असेल तर? मग 'आल्सामिक्सर' उघडा. आल्सा नव्या कार्डाचे कर्णे सुरुवातीला बंदच ठेवते. पट्टीखाली 'एमएम' दिसते. एम ही कळ दाबली की कर्णा मोकळा होतो. त्यानेही भागले नाही, तर एचडीएमआय तारेकडे पाहा. गाणे कदाचित ध्वनिवर्धक नसलेल्या पडद्याकडे निमूटपणे जात असेल.