कागद खाणारा खाइस

वाचकहो, ‘येथे कचरा टाकू नये’ अशी पाटी आपण कुठं ना कुठं वाचली असेलच; आणि त्या पाटीच्या बरोबर खाली साठलेला कचऱ्याचा ढीगही पाहिला असेल. आमच्या कॉलेजच्या आवारात मी स्वतः मोठ्या हौसेनं अशा तीन पाट्या रंगवून लावल्या होत्या. पंधरा दिवसांत तिन्ही पाट्यांखाली भेळेचे कागद आणि शेंगांची टरफलं जमली. मी मुलांवर रागावलो. पुढं एका परदेशी बागेची माहिती वाचनात आली, आणि आपला राग चुकीच्या ठिकाणी होता की काय, अशी शंका मनात आली. त्या बागेची हकीकत आज सांगायची आहे.

ही बाग नेदरलँड्समध्ये, म्हणजे ज्या देशाला आपण सवयीनं हॉलंड म्हणतो तिथं आहे. देशाच्या दक्षिण भागात काट्सहेव्हल नावाचं गाव आहे. हा सारा टापू जोडे शिवण्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध होता. या गावाजवळ 1952 च्या मे महिन्यात ‘एफ्टेलिंग’ या उद्यानातलं परीकथांचं वन लोकांसाठी खुलं झालं. झाडीतून जाणारी पायवाट, आणि वाटेवर एकेका गोष्टीतला देखावा. आरंभी अशा दहा गोष्टी होत्या, आज त्या तिसाच्या आसपास आहेत. अमेरिकेतलं सुप्रसिद्ध डिस्नेलँड निघालं 1955 साली, म्हणजे हे वन त्याहून तीन वर्षांनी थोरलं.

या देखाव्यांची चित्रं काढली अँटन पीक या चित्रकारानं. आपल्या शेतातल्या पिकाशी त्याच्या नावाचं साम्य आहे, म्हणून ते लक्षात राहायला सोपं! हा गृहस्थ 1895 साली जन्मला आणि 1987 साली वारला. शिक्षक बंधुभगिनींना सांगायला आनंद वाटतो की तो पेशानं चित्रकलेचा शिक्षक होता. 1960 पर्यंत त्यानं शाळेत मुलांना चित्रकला शिकवली. बागेचं काम त्याच्याकडे आलं तेव्हा तो आधी साशंक होता. पुठ्ठ्याची घरं आणि रंगवलेल्या भिंती त्याला नको होत्या. त्यानं अट घातली, की बांधायचं तर खऱ्या विटांनी, खऱ्या लाकडानं आणि खऱ्या कौलांनी. अट मान्य झाली, मगच त्यानं काम हाती घेतलं. चित्रांना हालचाल देण्याचं काम पीटर रेइंडर्स या कल्पक माणसाकडे होतं. एकानं रेघ ओढायची आणि दुसऱ्यानं तिच्यात प्राण घालायचा, अशी ही जोडी.

आता आपण कल्पनेनं त्या वाटेवर एक फेरी मारू. मोठी माणसं मोठं ते पाहतात. उंच मान वर-वर नेणारा ‘लांबमान्या’ पाहतात, झोपलेल्या राजकन्येचा किल्ला पाहतात, नि पुढं सरकतात. मुलं मात्र रेंगाळतात. किल्ल्यात राजकन्येबरोबर सारा परिवारच झोपी गेला आहे, हे त्यांच्या ध्यानात येतं. पहारेकरी बसल्या जागी डुलकी घेतो आहे, आणि श्वासाबरोबर त्याची छाती हळूच वरखाली होते आहे! वाटेच्या कडेला अळंबीच्या आकाराचे ठोकळे दिसतात. मोठ्यांना ती नुसती शोभा वाटते, पण जवळ कान नेला तर आतून बारीक किणकिणतं संगीत ऐकू येतं. एके ठिकाणी तांबड्या जोड्यांचा एक जोड, आत पाय नसताना, आपला आपण नाचत असतो. दुसरीकडे एक फकीर बासरी वाजवतो, तशी फुलं वर येतात. मग तो गालिच्यावर बसून समोरच्या मनोऱ्याकडे उडत जातो. घरांच्या धुराड्या किंचित वाकड्या, छपरं जराशी कललेली. जुन्या घरांत राहिलेल्या माणसाला ती आपलीच वाटावीत.

या बागेचेही एक दुखणं होतं, आणि ते आपल्या ओळखीचं आहे. माणसं आली, त्यांच्याबरोबर खाऊ आला, नि खाऊबरोबर कागद आले. त्यावर 1950 नंतरच्या दशकाच्या अखेरीस एक तोड निघाली. पीक यांच्या कुंचल्यातून एक लठ्ठ, गोलमटोल, तोंड वासून बसलेली मूर्ती उतरली. तिचं नाव ‘होले बोले खाइस’. कितीही गिळलं तरी ज्याचं पोट भरत नाही, अशा एका खादाडाचं हे नाव डच बालगीतातून आलं आहे. डच लोक ‘ग’ चा उच्चार घशातून ‘ख’ सारखा करतात, त्यामुळे आपल्या कानाला ते ‘खाईस’ असंच लागतं. योगायोग मोठा मौजेचा आहे!

हा खाइस जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारतो, “कागद इकडे! कागद इकडे!” मूल भीत भीत कागद त्याच्या तोंडाजवळ नेतं. तोच कागद हातातून ओढला जातो, गडप होतो, आणि वर खाइस आभारही मानतो. यामागचं शास्त्र साधं आहे. तोंडामागच्या नळीतली हवा यंत्रानं सतत बाहेर खेचलेली असते. आतला दाब कमी झाला, की बाहेरची हवा आत घुसते नि कागदाला आपल्याबरोबर लोटते. नळीनं शहाळ्याचं पाणी पिताना हेच घडतं. शिक्षकांनी हवेच्या दाबाचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावं.

कोणी म्हणेल, “अहो, मग पोरं मुद्दाम चांगले कागद फाडून त्याच्या तोंडात कोंबतील!” कोंबतीलही. पण आधी ती पायाखाली पडलेले कागद शोधतील. जे काम शिक्षा म्हणून करायला लावलं असतं तर मुलांनी तोंडं वाकडी केली असती, तेच ती आपणहून मागून घेतात.

असं का व्हावं? मला वाटतं, याचं उत्तर पीक यांच्या त्या अटीत आहे. भिंतीला हात लावला तर ती खरी वीट निघाली. पहारेकरी खरोखर श्वास घेताना दिसला. ज्याच्याकडे कोणी पाहणार नाही अशा अळंबीतसुद्धा गाणं निघालं. पावलोपावली मुलाचा विश्वास राखला गेला, म्हणून शेवटी खाइसला भूक लागली आहे यावरही त्याचा विश्वास बसतो. नुसती पिंपाला तोंड रंगवून ही जादू साधणार नाही. आणि माझ्या पाटीनं तर मुलांकडे पाहिलंच नव्हतं, फक्त हुकूम सोडला होता.

आपल्याकडे यंत्र नसेल, पैसा नसेल. पण गावात कुंभार आहे, सुतार आहे, आणि शाळेत चित्रं काढणारी मुलं आहेत. गुरुजींनी पाहुणे येण्याच्या दिवसापुरतं नव्हे, तर रोज जवळ जावंसं वाटेल असं काहीतरी मुलांच्या हातून घडवून घ्यावं. त्याची मागची, भिंतीकडची बाजूही नीट रंगवून घ्यावी. कारण मुलं मागं जाऊन पाहतातच.

माझ्या तिन्ही पाट्या मी आता उतरवून ठेवल्या आहेत. त्या जागी काय उभं करायचं, हे ठरवायला मुलांनाच बोलावलं आहे. पहिल्याच बैठकीत एकानं विचारलं, “सर, त्याला नाव काय द्यायचं?” कागद कुठं टाकायचा, हा प्रश्न अजून कोणी काढलेला नाही. पण बैठक संपल्यावर पाहिलं, तर खोलीत एकही कागद पडलेला नव्हता.